शेवटचा हात

माझ्या आजोबांची अवजारांची पेटी पुण्यातल्या एका फर्निचर स्टुडिओतून सात आठवड्यांनी परत आली, तेव्हा बाबा माझ्याकडेच आले होते. दोन माणसांनी ती लिफ्टमधून वर आणली, बबल रॅप काढलं, सोफ्यासमोर ठेवली आणि सोबत एक छापील कार्ड दिलं. कार्डावर लाकडाचा प्रकार, अंदाजे वय आणि काळजी कशी घ्यावी याच्या सूचना होत्या. पेटी सुंदर दिसत होती. मधासारखा रंग, सगळीकडे सारखी झळाळी, कोपऱ्यांना नव्या पितळी पट्ट्या. बाबांनी चष्मा लावला, खाली बसले, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, झाकण उघडून आत पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लय चमकते बाप्पा. पण आता हे सुटन कसी?"

मला वाटलं, पेटी कशाला सुटायला हवी? न सुटण्यासाठीच तर पैसे मोजले होते. त्यांचा प्रश्न समजायला मला काही महिने लागले. जुन्या लाकडाचं नवं फर्निचर करणाऱ्या स्टुडिओंबद्दल मी जे लिहायला बसलो आहे, ते त्या प्रश्नातूनच आलं आहे.

आमचं गाव पोहरादेवीपासून फार लांब नाही. वाशिम जिल्हा, मानोरा तालुका. आजोबा गावचे सुतार. गावाची आणि आजूबाजूच्या दोन तांड्यांची तिफण, वखर, डवरे, बंडीची चाकं त्यांच्याकडे यायची. बाबांनी काही वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. सोयाबीन आलं, ट्रॅक्टरची पेरणी आली, लोखंडी अवजारं आली, तेव्हा बाबांनी तालुक्याला दुकान टाकलं. तिथे ते प्लाय, सनमायका आणि तयार दारं विकतात. मी इंजिनिअर झालो आणि पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे सुताराच्या नातवाने सुताराची पेटी दुरुस्तीला स्टुडिओत दिली. यातला विनोद मला कळतो.

*

आधी स्टुडिओ म्हणजे काय ते पाहू. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई, पुणे, बंगळुरू अशा शहरांत छोट्या फर्निचर स्टुडिओंची एक पिढी उभी राहिली आहे. एक शेड, दोन-चार कारागीर, एक डिझायनर आणि इन्स्टाग्रामवरचं एक पान. ते मागणीप्रमाणे फर्निचर बनवतात आणि जुनं 'रिस्टोअर' करतात. कच्चा माल येतो पाडलेल्या वाड्यांतून, मुंबईच्या ओशिवऱ्यातल्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, आणि आमच्यासारख्यांच्या गावच्या घरांतून. त्यांचं श्रेय मोठं आहे, ते आधी मोकळेपणाने द्यायला हवं. जे लाकूड चुलीत गेलं असतं ते त्यांनी वाचवलं. पार्टिकल बोर्डचं कपाट तीन वर्षांत फुगतं, हे पाहिलेल्या गिऱ्हाईकाला त्यांनी पुन्हा सागवानाचं वजन हातात दिलं. फर्निचर ही विचार करून निवडायची गोष्ट आहे, हे मध्यमवर्गाला पटवलं.

पण एखाद्या कामावर टीका करायची तर ते काम म्हणून वाचावं लागतं. म्हणून या स्टुडिओंचा सगळ्यात लोकप्रिय नमुना घेऊ: दाराचं टेबल. वाड्याचं जुनं दार, कडी-कोयंड्यासकट, आडवं केलं जातं. खाली चार पाय येतात आणि वर जाड काच. दिवाणखान्यात ते छान दिसतं. आता दार म्हणून ते वाचा. दाराला दोन बाजू असतात. बाहेरची उन्हाने फिकी पडलेली, आतली धुराने काळवंडलेली. कडीच्या आसपास हात लागून लागून लाकूड खोलगट झालेलं असतं, आणि उंबऱ्याकडची कड पावसाने खाल्लेली असते. या खुणा कशाच्या आहेत ते दार उभं असतं तोवर कळतं. आडवं झालं की त्यांचा 'टेक्स्चर' होतो. आणि वर काच आली की ज्या स्पर्शाने त्या खुणा पडल्या, नेमका तोच स्पर्श बंद होतो. जुनेपण नजरेला दिलं जातं आणि हातापासून काढून घेतलं जातं.

तिफणीचंही तेच. बी ज्यात टाकतात ते लाकडी चाडं मी एका हॉटेलात मेणबत्ती ठेवायला वापरलेलं पाहिलं आहे. बंडीच्या चाकाचं झुंबर तर आता ढाब्यावरही असतं. वस्तूचा उपयोग बदलला म्हणून मी नाक मुरडत नाही. गावातही फुटक्या तिफणीच्या दांडीची खुंटी होते आणि मोडक्या खाटेच्या माच्यावर वेल चढतो. पण तिथे वस्तू एका कामातून दुसऱ्या कामात जाते. स्टुडिओत ती कामातून दिसण्यात जाते, आणि पुन्हा कामाकडे येण्याचा रस्ता बहुतेक वेळा बंद होतो. तो कसा बंद होतो हे समजायला थोडं डिंक-पॉलिशच्या रसायनात शिरावं लागेल.

*

आजोबांची पेटी सागवानाची होती. कोपऱ्यांत फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवलेले, आणि त्यांतून बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. खिळा एकही नव्हता. जिथे चिकटवणं भाग होतं तिथे सरस. सरस म्हणजे जनावराचं कातडं-हाडं उकळून केलेला डिंक. गरम करून लावायचा, थंड झाला की घट्ट. त्याचा गुण असा की ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा सैल होतो. म्हणून पन्नास वर्षांनीही सांधा लाकडाला इजा न करता उघडता येतो, खराब झालेली एकच फळी बदलता येते, आणि बाकीची पेटी होती तशी राहते.

१९५९मध्ये फेविकॉल बाजारात आलं आणि सुताराचं रोजचं काम सोपं झालं. सरस उकळायची कटकट गेली, वास गेला, जोड पक्का झाला. इतका पक्का की जोडाच्या आधी लाकूड तुटतं. जाहिरातींनी आपल्याला हसवत हसवत हेच सांगितलं आणि ते खरंच आहे. पण जो सांधा लाकडाच्या आधी सुटत नाही, तो उघडायचा तर लाकूडच कापावं लागतं.

पॉलिशचंही तसंच. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यापासून लाख मिळते. तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात मारले की ते फ्रेंच पॉलिश. वर्षांनी ते मळतं, पांढुरकं होतं, गरम कपाचा डाग धरतं. नाजूक आहे ते. पण नवा हात जुन्या हातात विरघळतो, कारण नव्या हातातलं स्पिरिट जुनी लाख थोडी मऊ करतं. खालचं लाकूड न खरवडता पॉलिश ताजं करता येतं. याउलट आजचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथिन, प्लास्टिकच्या जातीचं. पाणी, डाग, ओरखडे सगळ्याला पुरून उरतं. पण एकदा चढलं की ते स्पिरिटने विरघळत नाही. ते काढायचं तर मशीनने घासावं लागतं, आणि घासताना लाकडाचा वरचा थरही जातो. जुन्या वस्तूचा सगळा इतिहास त्याच थरात असतो.

पॉलिशवाल्यांच्या बोलीत थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. लाखेच्या कामात शेवटचा हात हा त्या फेरीपुरता शेवटचा असतो, कारण पुढे कधीतरी कुणीतरी त्यावर आणखी एक मारणार आहे. पीयूचा शेवटचा हात खरोखर शेवटचा असतो. बाबा जे विचारत होते ते हे. पेटी मोडणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं, कारण लाकडाची वस्तू मोडतेच. मोडेल तेव्हा पुढच्या माणसाला ती उघडता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं.

स्टुडिओने तळाची एक फळीही बदलली होती. ती आंब्याची होती, आजोबांची मूळची नव्हे. मूळ फळी वाळवीने खाल्ल्यावर बाबांनी तरुणपणी घरात होती ती आंब्याची फळी बसवली होती. रंग वेगळा, रेषा वेगळ्या, कुणालाही दिसेल अशी जोड. स्टुडिओने ती काढून सागवानाची लावली आणि बाकीच्या पेटीशी रंग जुळवला. कार्डावर याचा उल्लेख नव्हता. कामाच्या दृष्टीने फळी उत्तम बसली आहे. फक्त माझ्या बापाचा त्या पेटीतला भाग आता नाही.

*

इथे एक मोह आवरायला हवा. गावचा सुतार थोर आणि शहरातला स्टुडिओ लबाड, असं लिहिणं फार सोपं आहे. ते खोटंही आहे.

महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गाव-गाडा' १९१५ साली आलं. बलुतेदारीचं इतकं बारकाईने केलेलं वर्णन मराठीत क्वचित सापडेल, आणि ते वर्णन कौतुकाचं नाही. कारू-नारूंची ती व्यवस्था आत्र्यांना जुनाट, आळस पोसणारी आणि सगळ्यांनाच अडकवणारी वाटत होती. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. बलुतेदाराच्या बाजूने पाहिलं तर आळसापेक्षा अडकणंच जास्त दिसतं. पण त्यांनी दाखवलेली एक गोष्ट सुटत नाही: बलुत्यात सुताराला वस्तूचे पैसे मिळत नसत, वर्षभर अवजारं चालती ठेवण्याबद्दल धान्य मिळे. पेरणीच्या दिवशी तिफण मोडली तर ती त्याच दिवशी नीट करून देणं हे त्याचं काम. आजच्या भाषेत हा देखभालीचा वार्षिक करार झाला.

या करारामुळेच सुतार उघडता येणारे सांधे करत होता. त्यात सौंदर्यदृष्टी नव्हती असं नाही, पण मुळात गरज होती. पुढच्या वर्षी ती तिफण त्याच्याच दारात येणार होती. आणि याच करारामुळे तो बांधलेलाही होता. जात त्याच्या कामाची हद्द ठरवत होती, धान्य देणाऱ्याची मर्जी त्याचं वर्ष ठरवत होती. त्याने वेगळ्या नक्षीची पेटी केली तर तिचं मोल मागायची सोय नव्हती. आजोबांची पेटी घरची होती म्हणून ती सागवानाची आणि देखणी होती. गावाची अवजारं बाभळीची, धावड्याची. आमच्याकडे सागवान सहज मिळत होतं असं कुणाला वाटेल. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला आणि इथल्या सागाला व्यापारात 'सीपी टीक' हे नाव पडलं, ते अजून टिकून आहे. बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग गेला, त्याची मिरवणूकही निघाली. पण जंगल सरकारचं होतं. सागाच्या देशात सुताराच्या हाती साग सणावारीच यायचा.

म्हणून मला बलुतं परत नको आहे. आजच्या स्टुडिओतला कारागीर रोजंदारी घेतो, काम सोडून जाऊ शकतो, हे बरंच आहे. त्याचं नाव मात्र कार्डावर नसतं. डिझायनरचं असतं, लाकडाचं असतं. ज्याने माझ्या पेटीची फळी इतकी बेमालूम बसवली तो कुठून आला, कुणाकडे शिकला, मला माहीत नाही. गावात निदान सगळ्यांना माहीत असायचं की ही तिफण कुणाच्या हातची.

*

पेटी परत आल्यानंतरच्या दिवाळीत मी गावी गेलो आणि बाबांबरोबर पोहरादेवीला जाऊन आलो. संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं मंदिर, रामनवमीची यात्रा. बंजारा समाज पोहरादेवीला आपली काशी मानतो. आता तिथे नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चार मजले, तेरा दालनं. समाजातले नेते, चळवळी आणि रोजच्या जगण्यातल्या वस्तू.

फर्निचरच्या लेखात हे संग्रहालय कशाला, असं वाटेल. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण बंजारा हा फर्निचर नसलेल्यांचा समाज होता. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून लदेणीचा व्यापार करत फिरणारा तांडा. रेल्वे आणि पक्क्या रस्त्यांनी तो व्यापार मोडला, आणि मग तांडे जागोजागी स्थिरावले. बैलावर जे लादता येतं तेवढंच सामान. जपण्यासारखं सगळं अंगावर किंवा गोणीवर: फेटिया, कांचळी, आरसे, कवड्या, टाके. एरवी मराठी घरातही 'फर्निचर' असा एक गठ्ठा नव्हता. पाट, चौरंग, बाज, झोपाळा, फडताळ, घडवंची, हडपा अशी प्रत्येक वस्तूला तिच्या कामाची वेगळी नावं होती. एकत्र नाव इंग्रजीतून आलं, आणि त्याबरोबर खोली 'सजवायची' कल्पनाही.

आता स्टुडिओकडे परत या. तिथे 'बंजारा' हे विशेषण म्हणून भेटतं. बंजारा खुर्ची, बंजारा बाकडं, बंजारा दिवाण. जुन्या भरतकामाचे तुकडे जोडून खुर्चीच्या बैठकीवर ताणलेले असतात. मी अशी एक खुर्ची जवळून पाहिली. एका तुकड्यात आरशांची ओळ कमरेच्या पट्ट्याच्या वळणाने चालली होती आणि बैठकीच्या कडेला अर्ध्यात कापली गेली होती. कापडाचं माप बैठकीने ठरवलं होतं. ज्या बाईने ते टाके घातले तिचं माप, तिची कंबर, तिचा फेटिया त्या खुर्चीवर बसलेल्याला दिसायचं काही कारण नाही. खुर्चीचं लाकूड मात्र 'रिस्टोअर' केलेलं होतं, आणि तिच्याबद्दलच्या माहितीत सगळी काळजी लाकडाची होती.

संग्रहालयावर टीका करण्याची पद्धत आपल्याकडे ठरलेली आहे: वस्तू काचेआड गेली, मेली. तेरा दालनं फिरल्यावर मला उलट वाटलं. संग्रहालय निदान कबूल करतं की या वस्तूचं काम थांबलं आहे, म्हणून ती इथे आहे. तो प्रामाणिकपणा आहे. आणि बाहेर मंदिराच्या आवारात तोच फेटिया नेसलेल्या म्हाताऱ्या बाया बसलेल्या असतात, तिथे त्या कापडाचं काम अजून चालू आहे. आत काम थांबलेलं, बाहेर चालू, दोन्ही स्पष्ट. स्टुडिओची खुर्ची यांच्या मधे कुठेतरी आहे. ती म्हणते, मी जुन्याला नवं आयुष्य दिलं. कुणाचं आयुष्य, हे विचारलं की उत्तर मिळत नाही.

*

जुन्या फर्निचरवरची खूण कधी डाग ठरते आणि कधी पुरावा, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण चंडीगढचं आहे. ले कॉर्बुझिएने शहर आखलं आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जान्रे याच्या देखरेखीखाली तिथल्या कचेऱ्या, कोर्ट, विद्यापीठ यांच्यासाठी साग आणि वेताच्या हजारो खुर्च्या झाल्या. साध्या, मजबूत, स्थानिक सुतारांनी केलेल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्चीवर आणि अंगणात ढीग लागून पडल्या, भंगारात गेल्या. परदेशी विक्रेत्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्यांना लाखांच्या बोली लागल्या. २०११मध्ये गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर आणि परदेशी जाण्यावर बंदीचा आदेश काढावा लागला. १९७२च्या पुरावस्तू कायद्याची मर्यादा साधारण शंभर वर्षांची आहे, त्यामुळे तो कायदा या खुर्च्यांना लागू होत नव्हता.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३मध्ये 'प्रॉव्हेनन्स' नावाचा चित्रपट केला. तो या खुर्च्यांचा प्रवास उलटा दाखवतो: श्रीमंतांच्या घरांपासून लिलावघर, दुरुस्तीची शेड, जहाज आणि शेवटी चंडीगढ. मग तिने तो चित्रपटही लिलावात विकला. फर्निचरवरची इतकी नेमकी टीका मी लेखी स्वरूपात वाचलेली नाही.

त्या खुर्च्यांच्या पाठीवर कचेरीच्या सामानयादीचे आकडे आणि अक्षरं रंगवलेली असत. कुठल्या खात्याची, कितवी. दुरुस्ती करणारे खुर्चीचा वेत नवा घालतात, गादी नवी करतात, लाकूड घासतात, पण ते आकडे जपतात. कारण ते अस्सलपणाचा पुरावा आहेत, आणि पुराव्याला किंमत आहे. म्हणजे खूण कशी जपायची हे या धंद्याला नीट येतं. कुठली खूण जपायची ते बाजार ठरवतो.

माझ्या पेटीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीच्या रेघा होत्या.

त्यांच्याबद्दल मी स्टुडिओला काही सांगितलं नव्हतं, कारण मला त्या लक्षातच नव्हत्या. लहानपणापासून पाहिलेल्या, मळकट, एकमेकींवर चढलेल्या उभ्या रेघा. मला त्या पोरांचे फराटे वाटायचे. फॉर्मवर 'पूर्ण रिस्टोरेशन' या चौकोनात बरोबरची खूण मीच केली होती. बाबांनी झाकण उघडून इतका वेळ आत का पाहिलं, ते मला पोहरादेवीहून परतताना गाडीत कळलं. त्या रेघा आजोबांचा बलुत्याचा हिशेब होता. कुणाकडून किती पायल्या ज्वारी आली, कुणाकडून यायची राहिली. अक्षरओळख जेमतेम, म्हणून रेघा आणि घरागणिक एक खूण. दुष्काळाच्या वर्षीच्या रेघा कमी होत्या, असं बाबा म्हणाले. स्टुडिओच्या दृष्टीने तो मळ होता, आणि मळ काढायचे पैसे मी दिले होते.

*

आता माझ्या जातभाईंबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल. या स्टुडिओंचे गिऱ्हाईक आम्ही आहोत, आणि कधी मालकही. आयटीतली नोकरी सोडून लाकूडकाम सुरू केलेल्यांच्या मुलाखती आपण वाचतो. दिवसभर पडद्यावर अदृश्य गोष्टी केल्यावर हाताला काहीतरी खरं लागावं, ही भूक मी समजू शकतो. रिचर्ड सेनेट यांनी 'द क्राफ्ट्समन' या २००८च्या पुस्तकात लिनक्स लिहिणाऱ्यांना कुंभार-सुतारांच्या पंगतीत बसवलं, तेव्हा आम्ही सगळे सुखावलो होतो.

पण आम्ही लाकडाकडे नेमकं तेच मागतो ज्याची आमच्या कामात सगळ्यात कमी खात्री असते: पूर्ण झालेली वस्तू. आमच्याकडे काहीच पूर्ण होत नाही. मी रोज दुसऱ्या कुणीतरी, कधी कंपनी सोडून गेलेल्या माणसाने, लिहिलेला कोड उघडतो. तो उघडता येतो कारण प्रत्येक बदलाची नोंद असते: कुणी, कधी, का, आधी काय होतं. नोंद न ठेवता जुना कोड साफसूफ करणाऱ्या माणसावर आम्ही ओरडतो. 'हे विचित्र दिसतंय म्हणून काढलं' असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न असतो, ते विचित्र का होतं ते पाहिलंस का? कामावर ही शिस्त मी पाळतो. पेटीच्या बाबतीत माझ्या डोक्यातही ती आली नाही, कारण पेटीला मी चालू वस्तू मानतच नव्हतो.

इमारतींच्या जीर्णोद्धाराबद्दल हा वाद जुना आहे. रस्किनने १८४९मध्येच सरसकट 'रिस्टोरेशन'ला विनाश ठरवलं होतं, आणि विल्यम मॉरिसने १८७७मध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली ती याच मुद्द्यावर: नवेपणाच्या नावाखाली खरवडू नका, रोजची डागडुजी करा. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे देवळाला ग्रॅनाइट आणि ऑइलपेंट, हे आपण पाहतोच. स्टुडिओचं पीयू त्याच घराण्यातलं आहे, फक्त रुची वेगळी.

मग चांगलं काम कसं असेल? जॉर्ज नाकाशिमाचं नाव या स्टुडिओंत भक्तीने घेतलं जातं. हा जपानी-अमेरिकन सुतार १९३०च्या दशकात पुद्दुचेरीला आश्रमाच्या इमारतीच्या कामावर होता, पुढे अहमदाबादच्या एनआयडीतही आला. फळीला चीर असली तर तो ती लपवत नसे. आडवा फुलपाखरासारखा लाकडी तुकडा बसवून चीर तिथेच थांबवे, आणि तो तुकडा दिसू देई. आज त्याची नक्कल इतकी झाली आहे की चीर नसलेल्या फळीवरही फुलपाखरं बसवलेली दिसतात. बाबांची आंब्याची फळी त्याच कुळातली होती. तिला फक्त तसं नाव नव्हतं.

माझ्या अपेक्षा फार नाहीत. जिथे चालेल तिथे सरस आणि लाख वापरा. जिथे पीयू लागणारच तिथे गिऱ्हाईकाला सांगा की हे नंतर निघणार नाही. काढलेला तुकडा फेकू नका, वस्तूबरोबर परत द्या. घासण्याआधी विचारा की या खुणा कशाच्या. कार्डावर लाकडाच्या नावाखाली दोन ओळी जास्त लिहा: काय बदललं आणि कुणी बदललं, कारागिराच्या नावासह. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. लागतात ते मी द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे बरेच असतील, जर कुणी आम्हाला आधी विचारलं तर. विचारायची वेळ आमच्यावरही येते. फॉर्मवरचा तो चौकोन रिकामा ठेवता येतो.

गेल्या महिन्यात मी स्टुडिओला लिहिलं आणि कामाआधीचे फोटो मागितले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवले, तक्रार न करता. अकरा फोटो. त्यातल्या एकात झाकण उघडं आहे आणि आतली बाजू तिरक्या उजेडात आली आहे. मी तो मोठा केला, काळा-पांढरा केला, कॉन्ट्रास्ट वाढवला आणि बाबांना पाठवला. मग व्हिडिओ कॉलवर दोघं बसलो. बऱ्याच रेघा उजेडात विरघळल्या आहेत. वरच्या कोपऱ्यातल्या सात ओळी मात्र वाचता येतात. बाबा त्यावर बोट ठेवून सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. गोल म्हणजे पाटलाची बंडी. दोन शिंगं म्हणजे नाईकाचा तांडा, चार पायल्या. फुली म्हणजे त्या वर्षी आले नाहीत. एका खुणेपाशी ते थांबले, फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे कोनाचं होय," ते म्हणाले, "मले आठवत नाही. तुह्या मोठ्या आत्याले विचारतो."